मैत्रीण गोधडी मागते तेव्हा

कापसाची वेचणी आटोपत येते, रात्री अंगावर काटा येऊ लागतो, आणि रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात कोणीतरी आम्हाला हळूच बाजूला घेते. आधी घरच्यांची चौकशी होते, मग गुडघ्यांची, मग पिकाची. आणि शेवटी मुद्दा निघतो : "एवढी एक गोधडी शिवून दे न वं. पैशाचं मंग पाहू."

आम्ही म्हणजे दुपारच्या वेळी एकत्र बसून गोधड्या शिवणाऱ्या आपल्याच चर्चमधल्या तिघीजणी. नावे लिहीत नाही, ती लिहिली काय आणि न लिहिली काय, बोरी अरबसारख्या गावात सारखेच. फादर म्हणाले, तुम्ही शिवता शिवता जे बोलता तेच या पत्रकासाठी लिहून द्या. आम्ही शिवता शिवता जास्त करून एकाच गोष्टीवर बोलतो : ओळखीच्या माणसाकडून पैसे किती घ्यावेत? घ्यावेत का? आणि घेतले, तर ती मैत्री उरते का?

प्रश्न छोटा वाटेल. पण या प्रश्नापायी आमची एक जिवाभावाची मैत्रीण दुरावली आणि एका गरीब बाईचे नुकसान झाले. म्हणून तो आपणा सर्वांपुढे मांडावासा वाटतो.

आधी गोधडीचा हिशेब सांगतो, कारण ज्यांनी कधी शिवली नाही त्यांना तो ठाऊक नसतो. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी एक माणसाची गोधडी घ्या. एकेक इंचावर धावदोरा घातला तर अठ्ठेचाळीस ओळी होतात. एकेक ओळ सहा फुटांची, म्हणजे सगळी मिळून २८८ फूट शिवण. इंचाला तीन टाके धरले तर १०,३६८ टाके. चार-पाच पदरांतून सुई काढायची, मधेच दोरा संपतो, मधेच सुई मोडते. मिनिटाला दहा टाके पडले तरी नुसते शिवायला सतरा तासांवर लागतात. त्याआधी जुनी पातळे उसवून धुवायची, विरलेला भाग कापून टाकायचा, पदर सारखे अंथरायचे, सुरकुती राहू नये म्हणून कच्चे टाके घालायचे. आणि शेवटी कडेने गोट लावायची, फाटल्या जागी ठिगळ द्यायचे. सगळे धरून तीस तास सहज जातात. आठ तासांचा दिवस धरला तर पावणेचार दिवसांची मजुरी झाली.

महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी २०२४-२५ या वर्षी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने पावणेचार दिवसांचे अकराशेच्या वर होतात. दोरा आणि गोटेचे कापड धरा, बाराशे रुपये झाले. यात कसब धरलेले नाही. खड्डा खणणाऱ्याला सरकार जे देते तेवढेच धरले आहे.

हा हिशेब आम्ही पहिल्यांदा केला तेव्हा आम्हालाच लाज वाटली. आपण मैत्रिणीकडे बाराशे मागायचे? जुन्या कपड्यांच्या गोधडीचे? बाजारात पानिपतचे ब्लँकेट त्याहून स्वस्त मिळते.

आता घडले ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमची एक मैत्रीण आपल्या आईची दोन नऊवारी लुगडी घेऊन आली. आई वारून वर्ष झाले होते. लेकीचे बाळंतपण जवळ आले होते. आजीच्या लुगड्याची गोधडी नातीच्या बाळाला व्हावी, अशी तिची इच्छा. तिने शब्द टाकला, आम्ही तो उचलला. पैशांचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, मंग पाहू, आणि आम्हीही म्हणालो, पाहू न, घाई काय. चौदा दुपारी आम्ही त्या गोधडीवर बसलो. लुगड्याचे काठ न कापता चारी बाजूंनी फिरवले, मधे तिच्या आईच्या आवडीचा हिरवा रंग येऊ दिला. गोधडी पाहून ती रडली. मग पेढ्यांचा पुडा दिला आणि एक पाकीट दिले. पाकिटात तीनशे एक रुपये होते.

आम्ही हसून घेतले. घरी जाताना मात्र तिघींच्याही तोंडून जे निघू नये ते निघाले. बोललेला शब्द गावात किती वेळ घरात राहतो? आठ दिवसांत तो तिच्या कानावर गेला. ती आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही मले सांगितलं असतं तं म्या दिले नसते काय? म्या तं अहेर समजून पाकीट देल्लं. मजुरी म्हणून देल्लं असतं तं वरचा एक रुपया कायले टाकला असता?"

ती खरे बोलत होती. तिच्या हिशेबी आम्ही गोधडी प्रेमाने दिली होती आणि तिने प्रेमाने पाकीट दिले होते. आमच्या हिशेबी आम्ही काम केले होते आणि दाम बुडाला होता. एकच गोधडी तिच्यापुरती भेट होती आणि आमच्यापुरती उधारी. आणि हे दोघांपैकी कोणीच उघड बोलले नव्हते.

असे का होते, यावर आम्ही पुष्कळ विचार केला. वेचणीला बाया जातात तेव्हा किलोमागचा भाव सकाळीच ठरतो. शेत शेजाऱ्याचे असो, चुलत्याचे असो, ओटीत पहिले बोंड पडायच्या आधी भाव ठरलेला असतो, आणि त्याचे कोणालाही वाईट वाटत नाही. पूर्वी पिंजारी दारावर यायचा, तोही गादी सोडायच्या आधी दर सांगायचा. शिंप्याच्या दुकानात ब्लाउजच्या शिलाईचा दर पाटीवर लिहिलेला असतो. मग गोधडीचेच 'मंग पाहू' का?

आम्हाला वाटते याचे उत्तर आपल्या आया-आज्यांच्या रीतीत आहे. तेव्हा गोधडी एकटीने शिवायची गोष्टच नव्हती. ओसरीवर ती अंथरली की शेजारच्या चौघी येऊन चारी कोपऱ्यांना बसायच्या. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. शेतात याच देवाणघेवाणीला काही भागांत सावड म्हणतात. त्या गोधडीला किंमत नव्हती असे आपण म्हणतो, पण ते खरे नाही. किंमत होती, ती हातांनी फेडली जायची, आणि फेडली गेली नाही तर पुढच्या वर्षी कोपऱ्याला कोणी बसायचे नाही. 'मंग पाहू' म्हटले तेव्हा ते 'मंग' खरोखर यायचे. आता सुई गावात मोजक्या हातांत उरली आहे. शब्द जुनाच राहिला, फेड मात्र राहिली नाही. मागणारी फसवत नसते. ती फक्त आजीच्या काळातले वाक्य बोलत असते.

पवित्र शास्त्रात अशा व्यवहाराच्या तीन गोष्टी आम्हाला सापडल्या. त्या तुम्हीही उत्पत्तीच्या आणि शमुवेलाच्या पुस्तकांतून वाचून पाहाव्यात.

पहिली लाबान आणि याकोब यांची. भाचा मामाकडे येऊन महिनाभर राबतो, तेव्हा लाबानच त्याला विचारतो की, तू नातलग आहेस म्हणून माझी चाकरी फुकट का करावीस, तुझे वेतन काय ते सांग. लाबान पुढे किती लबाड निघाला ते आपल्याला ठाऊक आहे. त्याने राहेलीच्या जागी लेआ दिली आणि याकोबाकडून आणखी सात वर्षे काम करून घेतले. पण त्या लबाड माणसालाही एवढे कळत होते की, नात्यातल्या माणसाकडून काम घ्यायचे तर दाम आधी विचारावा आणि विचारण्याचे काम घेणाऱ्याचे आहे. आपण लाबानाला नावे ठेवतो आणि तेवढेही विचारत नाही.

दुसरी गोष्ट अब्राहामाची. सारा मरण पावली. परक्या मुलखात तिला पुरायला जागा नाही. एफ्रोन हेथी याचे मकपेला येथील शेत अब्राहाम मागतो. एफ्रोन सगळ्या गावासमोर म्हणतो, तसेच घ्या, फुकट. अब्राहाम ऐकत नाही. तेव्हा एफ्रोन सांगतो की जमीन चारशे शेकेल रुप्याची आहे, पण तुमच्या-माझ्यात त्याचे काय एवढे? वाचताना हसू येते, कारण हे बोलणे आपण रोज ऐकतो. तुमच्या-माझ्यात काय एवढे, असे म्हणत म्हणत आकडा मात्र सांगून टाकला! अब्राहाम जुना जाणता माणूस. त्याने वाद घातला नाही, घासाघीस केली नाही, साक्षीदारांसमोर चारशे शेकेल तोलून दिले. भाव जास्त होता की रास्त, शास्त्र सांगत नाही. पण साराची कबर कोणाच्या उपकाराखाली राहिली नाही.

तिसरी दावीद राजाची. अरवना यबूसी आपले खळे, बैल, लाकडे सगळे फुकट देऊ करतो. दावीद नाकारतो. ज्याला आपल्याला काहीच मोल पडले नाही असे होमार्पण देवाला वाहणार नाही, असे त्याचे म्हणणे. पन्नास शेकेल देऊन तो खळे आणि बैल विकत घेतो. मैत्रिणीने आईची आठवण म्हणून गोधडी करून घेतली, तिलाही कदाचित असेच वाटले असते. आम्ही तिला ती संधीच दिली नाही. आम्ही गप्प बसून मनाचा मोठेपणा दाखवला, आणि मागून तोच मोठेपणा गावभर काढून घेतला.

आता कोणी म्हणेल, मग बाराशेच का, पंधराशे का नाही? ती आईच्या लुगड्याची गोधडी होती. तिने दोन हजारही दिले असते. इथे आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांच्या एका विचाराची मोठी मदत झाली. तो फादरांनीच आम्हाला समजावून सांगितला. तेराव्या शतकातल्या या संताने आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिया' या ग्रंथात खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीवर एक वेगळे प्रकरणच लिहिले आहे. ते म्हणतात, वस्तू देताना विकणाऱ्याचे विशेष नुकसान होत असेल तर त्याने त्या नुकसानीपुरते जास्त घ्यावे. पण विकणाऱ्याचे काही जात नसताना केवळ घेणाऱ्याला ती वस्तू फार हवी आहे म्हणून भाव वाढवू नये, कारण ती गरज घेणाऱ्याची आहे. जे आपले नाही ते आपण विकू शकत नाही.

आम्ही हे गोधडीला लावून पाहिले. कोणी म्हणाली, पुढच्या रविवारी लग्न आहे, आठ दिवसांत पाहिजे, तर आम्हाला रात्री जागावे लागते, घरचा स्वयंपाक उशिरा होतो, डोळे दुखतात. ते आमचे नुकसान आहे. त्याचे जास्त मागायला हरकत नाही, मैत्रीण असली तरी. पण ते हिरवे लुगडे तिच्या आईचे. त्यातली माया तिची. आम्ही त्यात फक्त टाके घातले. बाईचे डोळे भरून आले आहेत, आता ती नाही म्हणणार नाही, हे पाहून भाव सांगायचा म्हणजे तिच्या आईची आठवण तिलाच विकायची. असा पैसा घेतला असता तर तो कोणत्या खिशात ठेवणार होतो?

याच ठिकाणी संत थॉमस आणखी एक गोष्ट सांगतात. ज्याला त्या वस्तूचा फार उपयोग झाला, त्याने आपण होऊन ठरल्यापेक्षा थोडे जास्त द्यावे, तो त्याचा भलेपणा. म्हणजे वरचे मागायचे नाही, पण घेणारीने आपल्या हाताने दिले तर ते शोभते. आणि योग्य किंमत काही काट्यावर तोलून निघत नाही, ती अंदाजाने ठरते, थोडे इकडे तिकडे झाल्याने अन्याय होत नाही, असेही ते म्हणतात. हे वाचून आमच्यातल्या एकीला फार हायसे वाटले. ती टाके मोजायला बसली होती.

पण खरा धडा आम्हाला संतांकडून मिळाला नाही. तो एका बाईने दिला.

गावात एक विधवा बाई आहे. गोधड्या शिवणे हेच तिचे पोट. आमच्यासारखे दुपारचे काम नव्हे. तिचे सकाळचे दूध आणि मुलाची वही त्या सुईवर चालते. आमची मैत्रीण काही वाईट हेतूने नव्हे, कौतुकाने चार ठिकाणी सांगत फिरली होती की, चर्चमधल्या बायांनी इतकी देखणी गोधडी तीनशेत करून दिली. पुढच्या हिवाळ्यात लोक त्या बाईला म्हणू लागले, तू आठशे कशाचे मागते, चर्चवाल्या तीनशेत देतात. एक दिवस ती आमच्या दारात आली. भांडली नाही. तिने एवढेच विचारले, "तुम्ही तीनशेत कशा काय शिवता वो?" तिला खरोखरच वाटत होते की आम्हाला काही युक्ती ठाऊक आहे, कापड कुठून स्वस्त मिळते, मशीन आहे, काहीतरी. आम्ही खाली मान घातली. कशा शिवतो? नवऱ्याच्या पगारावर शिवतो. पोटाची चिंता नसल्यावर स्वस्त शिवता येते.

तोपर्यंत आम्हाला वाटत होते की मैत्रिणीला किती कमी लावायचे हा मैत्रीण आणि आम्ही यांच्यातला प्रश्न आहे. पडते घेतले तर आमचे नुकसान, आमची मर्जी. पण भाव दोघींमध्ये राहत नाही. तो गावात फिरतो आणि ज्याला तो परवडत नाही त्याच्या दारात जाऊन बसतो. सिराकच्या ग्रंथात शेजाऱ्याची उपजीविका हिरावणाऱ्याला खुन्याच्या पंक्तीला बसवले आहे. ते वचन आम्ही कितीदा ऐकले असेल आणि दरवेळी ते सावकारासाठी आहे असे समजलो असू. आम्ही कोणाकडून काही घेतले नव्हते, उलट सोडून दिले होते. तरी त्या बाईच्या ताटातले कमी झालेच.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक काढले. कामगाराने गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल या भीतीने कमी मजुरी कबूल केली तर ती कबुली न्याय्य ठरत नाही, असा त्यातला एक मुद्दा आहे. दोघांनी 'हो' म्हटले की न्याय झाला, असे ख्रिस्तसभा मानत नाही. तो विचार गिरण्या-कारखान्यांसाठी होता, पण आपल्याकडे गरज आणि भीती यांच्या जोडीला तिसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे भीड. भीड ही भिकेची बहीण, असे आपली जुनी माणसे म्हणायची. भिडेखातर दिलेला होकार, तो मोकळ्या मनाचा होकार आहे का? आमचे तरी नाही असे मत झाले आहे.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. नदीच्या वळणात, गुलामांच्या वंशजांची. तिथल्या काळ्या बाया शेतात वापरून विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत, अगदी आपल्यासारख्या, घरातल्या मुलांना थंडी वाजू नये म्हणून. १९६६ साली फ्रान्सिस वॉल्टर नावाच्या एका एपिस्कोपल पंथाच्या धर्मगुरूंच्या मदतीने त्या भागातल्या बायांनी सहकारी संस्था काढली आणि गोधड्या न्यूयॉर्कला विकल्या जाऊ लागल्या. २००२ साली जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत भिंतीवर टांगल्या गेल्या. २००६ साली अमेरिकेने त्यांची टपाल तिकिटे काढली. आणि २००७ साली त्यांतल्या काही बाया आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून न्यायालयात गेल्या; प्रकरण पुढच्या वर्षी तडजोडीने मिटले. कोण बरोबर आणि कोण चूक, ते आम्ही इथे बसून कसे सांगणार? पण वस्तू भिंतीवर टांगण्याइतकी मोठी झाली तरी कोणाला किती, हा प्रश्न काही सुटत नाही, एवढे दिसते. आमच्या पाकिटात तर तीनशे एकच होते.

मग प्रीतीचे काय, असे आपण विचाराल. सगळेच मोजायचे तर ख्रिस्ती माणूस आणि दुकानदार यांत फरक काय? हा प्रश्न आमच्यातल्या सर्वांत वडीलधारीने केला आणि तो आम्हाला खूप दिवस पुरला. प्रेषितांच्या कृत्यांत दोन बाया आहेत, दोघीही कापडाच्या. यापो गावची तबीथा, जिला दुर्कस म्हणत. ती मेली तेव्हा विधवा बायांनी तिने शिवलेले अंगरखे पेत्राला रडत रडत दाखवले. तिने ते दानधर्मातच दिले असणार. आणि दुसरी लुदिया, थुवतीरा नगरची, जांभळे किमती वस्त्र विकणारी. प्रभूने तिचे अंत:करण उघडले आणि पौलाला तिने आग्रहाने आपल्या घरी नेले. तिने धंदा सोडला असे कुठेही लिहिलेले नाही. एक देणारी, एक विकणारी, दोघींचेही नाव शास्त्रात आदराने आले आहे. अर्धे दान आणि अर्धी विक्री करून मनात कुढणारी तिसरी बाई मात्र त्या पुस्तकात आम्हाला सापडली नाही. ती आम्ही होतो.

म्हणून आता आम्ही कापडाचे गाठोडे सोडायच्या आधीच बोलतो. सुरुवातीला जीभ अडखळायची. आता बाराशे म्हणताना अडखळत नाही. कमी घ्यायचे असेल तर आधी बाराशे सांगतो आणि मग म्हणतो, तू आमच्या आजारपणात डबे आणलेस म्हणून आठशे दे, आणि बाहेर सांगताना बाराशेच सांग. हे शेवटचे वाक्य आम्ही दोनदा सांगतो. भेट द्यायची असेल तर पूर्ण देतो, दोऱ्याचेही पैसे घेत नाही आणि पेढ्यांचीही वाट पाहत नाही. वर्षाला एखादीच अशी होते, कारण तेवढीच झेपते. आपल्याकडून होत नसेल तर त्या विधवा बाईचे घर दाखवतो. आणि जिच्याकडे खरेच पैसे नाहीत, तिला म्हणतो, ये आमच्यात बस, एक कोपरा तू धर. गेल्या वर्षी अशा दोघी आल्या. एकीचे टाके इतके लांब पडले की आम्हाला रात्री गुपचूप उसवावे लागले. दुसरी आता आमच्याहून बारीक शिवते.

काही जणींना आमचे हे बोलणे आवडलेले नाही. चर्चच्या बाया पैशाच्या मागे लागल्या, असेही कानावर आले. एकीने तर दर विचारून गाठोडे तसेच परत नेले. त्या दिवशी आम्ही तिघीही गप्प होतो, आणि आपण चुकलो की काय असे वाटत राहिले. अजूनही कधी कधी वाटते.

आमची ती मैत्रीण आता दोन बाक पुढे बसते. मिस्सात शांती देण्याच्या वेळी ती मागे वळून हात जोडते, आम्हीही जोडतो. त्या पाकिटाविषयी ना तिने पुन्हा काढले, ना आम्ही. तिचा नातू आता चांगला धावतो. मागच्या रविवारी तो ती गोधडी चर्चच्या आवारात मातीतून ओढत फिरत होता, आणि काठाचा एक कोपरा हातभर उसवलेला आम्हाला दिसला. या आठवड्यात तो शिवून द्यायला जायचे ठरले आहे. त्याचे पैसे सांगायचे की नाही, यावर तिघींचे अजून एकमत झालेले नाही.